बंदुकीचे वेळापत्रक आणि दुर्बिणीची सफर

१/ पक्षी महोत्सवांची सफर आखणाऱ्याच्या वहीत साधारण अशा नोंदी असतात : नोव्हेंबरचा पहिला आठवडा, नागालँडमधील पांगती. डिसेंबरात चंबळ आणि भरतपूर. जानेवारीत अरुणाचलातील पक्के व ओडिशातील चिलिका. त्यानंतर नांदूरमध्यमेश्वर, भिगवण आणि शेवटी मुंबईची शिवडी. एका हिवाळ्यात एवढे सगळे क्वचितच कोणाला साधते, पण वहीत लिहायला हरकत नसते.

२/ ही वही घेऊन भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पोहोचलेल्या प्रवाशाला, ज्या महादेवावरून उद्यानाला नाव मिळाले त्याच्या मंदिराजवळ, एक कोरीव लेख दिसतो. त्यावर तारखा आहेत, मान्यवर पाहुण्यांची नावे आहेत, मारलेल्या पक्ष्यांचे आकडे आहेत आणि त्या दिवशी किती बंदुका होत्या तेही आहे. नोंदी १९०२ साली लॉर्ड कर्झनपासून सुरू होतात. महिने पाहिले तर बहुतेक नोंदी हिवाळ्यातल्याच. वहीतल्या तारखा आणि दगडावरच्या तारखा एकाच ऋतूतल्या आहेत.

३/ याचे कारण उघड आहे. उत्तरेकडील प्रदेश गोठू लागला की बदके, क्रौंच, हंस आणि चिखलपक्षी दक्षिणेकडे निघतात. पावसाळ्याने भरलेली तळी तेव्हा हळूहळू उतरत असतात, उथळ पाण्यात खाद्य मुबलक असते आणि हवा माणसालाही सोसवते. शिकाऱ्याला जे हवे होते तेच निरीक्षकाला हवे असते : पुष्कळ पक्षी, मोकळ्या जागी, जवळून. म्हणून हंगाम तोच राहिला, पाणी तेच राहिले, आणि कित्येक ठिकाणी वाट दाखवणारी माणसेही तीच राहिली. बदलले ते हातातले साधन. हा बदल कोठे, कसा आणि कोणाच्या खर्चाने झाला, हे पाहिल्यावर सफरीचा नकाशा थोडा वेगळा दिसू लागतो.

४/ असा बदल अगदी ठरवून झाल्याचे एक जुने उदाहरण अमेरिकेतले आहे. नाताळच्या दिवशी दोन गट पाडून बंदुका घेऊन बाहेर पडायचे आणि संध्याकाळी ज्याच्या ढिगात अधिक पशुपक्षी तो गट विजयी, अशी तेथे प्रथा होती. फ्रँक चॅपमन या पक्षीशास्त्रज्ञाने १९०० साली सुचवले की त्याच दिवशी बाहेर पडावे, पण पक्षी मोजून परत यावे. पहिल्या वर्षी २७ जण निघाले. ती नाताळ-गणना आजही चालू आहे. चॅपमनने सणाचा दिवस, गटांची चुरस आणि थंडीतली भटकंती तशीच ठेवली, हे त्याचे शहाणपण.

५/ भरतपुरात बदल इतका सरळ झाला नाही. मुळात हे पाणीच माणसाने आणलेले. अठराव्या शतकात महाराजा सूरजमलच्या काळात गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या परिसरात अजान बंधारा उभा राहिला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानाने या खोलगट जागेत लहान भराव आणि दारे घालून पाण्याची पातळी हवी तशी राखण्याची सोय केली. उद्देश शुद्ध शिकारीचा : व्हाइसरॉय यावा, बदके उडावीत, पाहुणा खूश व्हावा. संस्थानाच्या राजकारणात बदकांची शिकार हा दरबारी शिष्टाचाराचा भाग होता. आजचा निरीक्षक ज्या भरावांवरून सायकल चालवतो ते भराव या शिष्टाचाराचे अवशेष आहेत.

६/ २० नोव्हेंबर १९१६ रोजी लॉर्ड चेम्सफर्डच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत ४,२०६ पक्षी पडले. लॉर्ड लिनलिथगोच्या वेळी हा आकडा मागे पडला आणि एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तो दिवस होता १२ नोव्हेंबर १९३८.

७/ १२ नोव्हेंबर ही तारीख पक्षिप्रेमींना पाठ असते. १८९६ साली याच दिवशी सालिम अली यांचा जन्म झाला. भारतात हा दिवस आता पक्षी दिन म्हणून पाळला जातो. ज्या दिवशी भरतपूरच्या पाण्यावर विक्रमी हत्या झाली, त्या दिवशी पुढे त्याच पाण्याचा कैवार घेणारा माणूस ४२ वर्षांचा झाला होता. इतिहास असे योग मुद्दाम जुळवत नाही, पण जुळले की विसरू देत नाही.

८/ सालिम अलींची सुरुवातही बंदुकीनेच झाली होती. मुंबईतल्या बालपणी त्यांनी छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती, असे विचारत ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मानद सचिव मिलार्ड यांच्याकडे गेले. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेत शिकारी सदस्यांची वानवा नव्हती. मिलार्डनी मुलाला रागे भरले नाही, त्यांनी त्याला कपाटांतले पेंढा भरलेले पक्षी दाखवले. त्या काळी पक्ष्याची ओळख पटवायची तर पक्षी हातात घ्यावा लागे, आणि हातात येण्यासाठी तो मरावा लागे.

९/ पुढे याच सोसायटीने १९५९ पासून पक्ष्यांच्या पायांत कडी घालून स्थलांतराचा अभ्यास आरंभला. आता पक्षी जिवंत, इजा न होता पकडायचा होता. ही विद्या ज्यांच्याकडे होती ते बिहारमधील मीरशिकार, पिढ्यान्‌पिढ्या फासे आणि जाळी लावून पोट भरणारे लोक. भरतपूरच्या पाण्यात त्यांनी पकडलेली बदके कडी लेवून उडाली आणि त्यांतल्या काहींचा ठावठिकाणा मध्य आशिया व सैबेरियातून कळत गेला. कड्यावर मजकूर असे की सापडल्यास मुंबईच्या सोसायटीला कळवावे. पक्षीशास्त्राच्या पुस्तकांत या पारध्यांची नावे क्वचितच येतात. त्यांच्या हातांवाचून ते नकाशे काढता आले नसते.

१०/ संस्थाने विलीन झाल्यावर हे पाणी काढून टाका आणि जमीन शेतीला द्या, अशी मागणी आली. मागणी अन्यायाची नव्हती. ज्या राखीव क्षेत्राचा उपयोग राजाच्या पाहुण्यांना होता ते भूमिहीनांना का मिळू नये? सालिम अलींनी पंतप्रधान नेहरूंपर्यंत धाव घेतली आणि पाणथळ वाचली. १९५६ साली येथे अभयारण्य घोषित झाले. तरी महाराजांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत शाबूत होता. अभयारण्य आणि शिकार, दोन्ही एकाच जागेत सुमारे सोळा वर्षे नांदली.

११/ त्यानंतरचे वर्ष मात्र प्रवासवर्णनांत सहसा गाळले जाते. १९८२ मध्ये केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाले आणि आत गुरे चारण्यास बंदी आली. भोवतालच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या या गवतावर जगत होत्या. नोव्हेंबर १९८२ मध्ये संघर्ष पेटला, पोलिसांनी गोळीबार केला आणि काही गावकरी मृत्युमुखी पडले. बदकांवरची बंदूक थांबल्यानंतर दहा वर्षांनी त्याच पाण्याच्या काठी माणसांवर बंदूक चालली.

१२/ याहून विलक्षण गोष्ट पुढे आली. बंदीनंतर पाण्यातले एक रानगवत अनावर माजले. उघडे पाणी कमी झाले, बदकांना उतरायला जागा उरेना. सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून दिसून आले की म्हशी हे गवत खाऊन पाणी मोकळे ठेवत होत्या. ज्यांना पक्ष्यांचे शत्रू मानून बाहेर काढले, त्यांनीच पक्ष्यांचे तळे राखले होते. हा निष्कर्ष आधी हाती असता तर ती माणसे कदाचित वाचली असती.

१३/ १९८५ मध्ये युनेस्कोने केवलादेवला जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. येथे हिवाळा काढणारे सैबेरियन क्रौंच १९६० च्या दशकाच्या मध्यास सुमारे २०० होते. शेवटची जोडी २००१-०२ च्या हिवाळ्यात दिसली, नंतर कोणीही आले नाही. त्यांचे पाय ज्या चिखलात रुतत त्याच्या कडेने आता सायकलरिक्षा चालतात. हे रिक्षावाले भोवतालच्या वस्त्यांतलेच. पक्ष्यांची इंग्रजी नावे अचूक सांगतात आणि घुबड कोणत्या झाडावर बसते ते दाखवतात. भरतपूरचे नियोजन करणाऱ्याने हॉटेलपेक्षा चांगल्या रिक्षावाल्याची चौकशी आधी करावी.

१४/ भरतपूरला जोडून चंबळ करता येते, अंतर फार नाही. डिसेंबर २०१५ मध्ये आग्रा जिल्ह्यातील चंबळच्या काठी उत्तर प्रदेशचा पहिला पक्षी महोत्सव भरला. येथे पाहायचा तो पाणचिरा, खालची चोच लांब असलेला आणि पाण्याची कातडी चिरत उडणारा. चंबळची नदी स्वच्छ राहण्यात दरोडेखोरांच्या दहशतीचाही वाटा आहे, असे तेथे गमतीने म्हणतात. गमतीत तथ्य नाही असे नाही. ज्या खोऱ्यांत कारखानदार जायला धजत नव्हता तेथे सुसरी टिकल्या.

१५/ आता वहीच्या पहिल्या पानाकडे, पांगतीकडे. भरतपुरात राजे आणि व्हाइसरॉय यांच्या बंदुका होत्या. येथे गावकऱ्यांची जाळी होती, आणि ती मासेमारीची होती. नागालँडच्या वोखा जिल्ह्यात दोयांग नदीवर जलविद्युत प्रकल्प झाला. साल २०००च्या सुमारास जलाशय भरला आणि लोथा नागांची सुपीक शेते पाण्याखाली गेली. ज्यांची शेती गेली त्यांतले काही मच्छीमार झाले. त्याच जलाशयाच्या काठच्या झाडांवर दर ऑक्टोबर-नोव्हेंबरात अमूर ससाण्यांचे लाखो पक्षी मुक्कामाला उतरू लागले.

१६/ अमूर ससाणा म्हणजे जेमतेम दीडशे ग्रॅमचा शिकारी पक्षी. सैबेरिया, मंगोलिया आणि उत्तर चीनमध्ये वीण, हिवाळा दक्षिण आफ्रिकेत. जाताना तो ईशान्य भारतात थांबतो, वाळवी आणि इतर किडे खाऊन अंगावर चरबी चढवतो आणि मग मध्य भारत व महाराष्ट्रावरून अरबी समुद्रावर झेपावतो. समुद्र एका दमात पार करून सोमालियाला लागतो. नोव्हेंबर-डिसेंबरात लोणावळ्याच्या माळावर तो कधी कधी दिसतो तो याच वाटेवरचा पांथस्थ.

१७/ २०१२ च्या शरदात बानो हारालू, रामकी श्रीनिवासन, शशांक दळवी आणि रोकोहेबी कुओत्सु हे चौघे दोयांगला पोहोचले. मासळीची जाळी झाडांच्या ओळीत उंच टांगलेली होती आणि पहाटे त्यांत ससाणे अडकत होते. त्यांच्या अंदाजानुसार दिवसाला १२ ते १४ हजार, आणि ऐन हंगामाच्या दहा-एक दिवसांत सव्वा लाखांच्या घरात. पक्षी धुरी देऊन टिकवले जात व विकले जात. चित्रफीत जगभर पसरली आणि पांगतीचे नाव कुप्रसिद्ध झाले.

१८/ येथे भरतपूरची पुनरावृत्ती सहज होऊ शकली असती : बंदी, पहारा, गोळीबार. बंदी आली, गस्तही आली. पण त्यासोबत वर्षभर बोलणी झाली. ग्रामसभा, चर्च, शाळा, मच्छीमारांचे गट, सगळे त्यांत आले. गावांनी स्वतः ठराव केले आणि मोडणाऱ्याला दंड ठेवला. २०१३ च्या हंगामात जाळी टांगली गेली नाहीत. त्या नोव्हेंबरात तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रह-यंत्रे बसवण्यात आली. त्यांची नावे ठेवली नागा, वोखा आणि पांगती. एका वर्षापूर्वी ज्या गावाला जग दूषणे देत होते, त्या गावाचे नाव घेऊन एक पक्षी आफ्रिकेला गेला.

१९/ तरीही पांगतीला जाणाऱ्याने एक हिशेब मनात ठेवावा. जाळ्यांतून मिळणारा पैसा एका हंगामात बंद झाला. त्याची जागा पाहुण्यांच्या राहण्याजेवणाने, वाटाड्यांच्या मजुरीने भरायची होती, आणि पाहुणे येतात ते थोडे आठवडे. म्हणून कोहिमाला मुक्काम करून धावती भेट देण्यापेक्षा गावातल्या घरी दोन रात्री राहणे हा नियोजनाचा महत्त्वाचा भाग ठरतो. लोथांचा सुगीनंतरचा तोखू एमोंग हा सण ७ नोव्हेंबरला येतो. २०२२ पासून त्याच दिवसांत राज्यभर पक्षीगणना होऊ लागली आणि तिला नाव सणाचेच मिळाले. चॅपमनचा नाताळ येथे पुन्हा आठवतो.

२०/ ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढे १ ते १० डिसेंबरचा कोहिमाजवळचा हॉर्नबिल महोत्सव पाहावा. तो पक्षी निरीक्षणाचा नाही, नागा संस्कृतीचा आहे. नाव मात्र धनेशाचे. धनेशाचे पीस आणि चोच हा ईशान्येतल्या अनेक समाजांत मानाचा शिरोभूषण-अलंकार, आणि धनेश विरळ होण्याचे ते एक कारण.

२१/ याच कारणाने अरुणाचलातले पक्के अधिक बोलके आहे. न्यिशी पुरुषाच्या टोपीवर धनेशाची चोच असते. शतकाच्या आरंभी वनखाते व संस्थांनी फायबरग्लासच्या चोची वाटल्या आणि त्या हळूहळू रुळल्या. जे लोक पूर्वी शिकार करीत, त्यांतलेच काही आता धनेशाच्या ढोल्या राखतात. मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि फटीतून नर तिला भरवतो. नर मेला तर आतली सगळी पिढी संपते. एक बाण म्हणजे एक कुटुंब, हे त्या शिकाऱ्यांना कोणी सांगावे लागले नसेल. २०१५ पासून सेजोसा येथे जानेवारीत ‘पक्के पागा’ महोत्सव भरतो, तो न्यिशींच्या या कामाच्या गौरवासाठी.

२२/ तेथून चिलिका. खोर्धा जिल्ह्यात सरोवराच्या उत्तर काठावर मंगलाजोडी हे गाव आहे. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत ते बदके मारून विकणाऱ्यांचे गाव म्हणून ओळखले जाई. २००० साली गावातल्याच शिकाऱ्यांना घेऊन श्री महावीर पक्षी सुरक्षा समिती उभी राहिली. त्याच वर्षी सप्टेंबरात चिलिकाला समुद्राशी जोडणारे नवे मुख खोदून उघडले गेले, खारे पाणी आत आले आणि मरू घातलेले सरोवर सावरले. दोन्ही गोष्टी एकमेकींवाचून अपुऱ्या ठरल्या असत्या.

२३/ जानेवारी २०१८ मध्ये चिलिकाचा पहिला पक्षी महोत्सव झाला. याच महिन्यात सरोवराची वार्षिक गणना होते व आकडा अलीकडे ११ लाखांच्या आसपास जातो. मंगलाजोडीत नाव वल्ह्याने नव्हे, बांबूने रेटत नेतात, कारण पाणी गुडघाभर. नावाडी गॉडविटच्या थव्यापासून किती हातांवर थांबावे हे अचूक जाणतो. ते अंतर त्याला, किंवा त्याच्या वडिलांना, दुसऱ्याच कामासाठी शिकावे लागले होते.

२४/ परतीची वाट महाराष्ट्राची. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह २०२० पासून सरकारी पातळीवर पाळला जातो : मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. चितमपल्ली वनाधिकारी होते. त्यांची बरीच पक्षीविद्या नवेगावबांधच्या जंगलात तेथल्या जुन्या शिकाऱ्यांकडून व रानवासी लोकांकडून आलेली आहे आणि त्यांनी ती कधी लपवली नाही. नवेगावचा तलाव कोहळी समाजाने बांधलेला. शेतीसाठी अडवलेले पाणी पक्ष्यांनी आपले मानले.

२५/ नांदूरमध्यमेश्वरचेही तेच. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाखाली १९०७ ते १९१३ या काळात बंधारा झाला, तो सिंचनासाठी. गाळ साठत गेला, बेटे झाली, पाणवनस्पती वाढल्या. इंजिनीयरांच्या दृष्टीने ही बंधाऱ्याची हानी, पक्ष्यांच्या दृष्टीने पर्वणी. १९८६ मध्ये अभयारण्य झाले आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. याला महाराष्ट्राचे भरतपूर म्हणतात. म्हणणाऱ्यांना बहुधा केवळ बदके अभिप्रेत असतात. महोत्सवाच्या तारखा वनविभाग दरवर्षी ठरवतो, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी चौकशी अवश्य करावी. महोत्सव हुकला तरी चापडगावच्या मनोऱ्यावरून सकाळी सात वाजता दिसायचे ते दिसते.

२६/ शिवडीला मात्र घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे. ओहोटीला रोहित दूर चिखलात असतात, भरतीचे पाणी चढू लागले की धक्क्याजवळ सरकतात. पलीकडे ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित अभयारण्याचा दर्जा मिळाला.

२७/ आणि भिगवण. १९८० मध्ये भीमेवरचे उजनी धरण पूर्ण झाले आणि काठची गावे उठली. दोयांगप्रमाणेच येथेही शेतीवर पाणी आले, शेतकऱ्यांच्या काही घरांत मासेमारी आली, आणि उथळ काठांवर रोहित व हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब उतरू लागले. कुंभारगाव आणि डिकसळच्या मच्छीमारांच्या नावा हिवाळ्यात पाहुण्यांना घेऊन निघतात. जवळच पळसदेवचे जुने गाव पाण्याखाली आहे. मार्चनंतर जलाशय उतरू लागला की पळसनाथाच्या मंदिराचा कळस वर येतो, मग हळूहळू भिंती. तोवर पट्टकादंब उत्तरेकडे निघून गेलेले असतात आणि नावा पुन्हा मासळीच्या जाळ्यांनी भरलेल्या असतात.